गर्भाचं चित्र मुखपृष्ठावर घ्यावं का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. अठ्ठावीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहेत. गर्भपात आणि गर्भलिंग निदान, दोन्हींबद्दलच्या अनुभवांचं पुस्तक लिहून तयार आहे. नाव ‘ठरवायचं कुणी?’. पुतण्याने एआयकडून मुखपृष्ठ करून घेतलं: काळ्या पार्श्वभूमीवर अंगठा चोखणारा गर्भ, गळ्याभोवती नाळेचा फास, खाली रक्ताचे थेंब. प्रकाशक म्हणतात, स्टॉलवर उठून दिसेल. सून म्हणते, हे बघून मी पुस्तक हातातसुद्धा घेणार नाही. दोघांत बरोबर कोण, आणि कुणाचीच बाजू न घेणारं मुखपृष्ठ करता येतं का?

ताई, मी सोलापुरात पस्तीसेक वर्षं मुखपृष्ठं करतोय. सुरुवात साखर पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलांपासून झाली. तेव्हा चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घ्यावा लागे आणि दुसरा रंग वापरायचा म्हटलं की मालकाच्या कपाळाला आठ्या पडत. त्यामुळे एक सवय लागली. चित्रातली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, हे आधी सांगता आलं पाहिजे. तुमच्या चित्राला तोच प्रश्न विचारू.

प्रकाशक आणि सूनबाई भांडतायत ते ‘उठून दिसणं’ आणि ‘किळस वाटणं’ यावरून. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. पुस्तकाचं नाव प्रश्न विचारतंय, ठरवायचं कुणी? आणि चित्राने उत्तर देऊन टाकलंय. चित्रात गर्भ आहे, फास आहे, रक्त आहे, बाई कुठंय? ज्या पोटात तो गर्भ आहे ते पोटच काळ्या रंगात बुडवलंय. जिने ठरवायचं ती चित्रातून गायब, आणि उरलं काय, तर एक बाळ आणि एक अदृश्य खुनी. तुमच्या आत लिहिलेल्या दोनशे पानांच्या आधी वाचकाने हे पान वाचलेलं असतं.

ही चूक तुमच्या पुतण्याची एकट्याची नाही. मी स्वतः केलीय. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी ‘मुलगी वाचवा’ छापाची पुस्तिका केली. अगदी हेच चित्र, नाळेचा फास. मला तेव्हा ती कल्पना फार भारी वाटली होती. संस्थेने त्याचंच पोस्टर केलं आणि दवाखान्यांत लावलं. काही महिन्यांनी एका ओळखीच्या सिस्टरबाईंनी मला रस्त्यात थांबवून झापलं. म्हणाल्या, ‘काय ओ, तुमच्या त्या चित्रामुळं माझी पेशंट उठून गेली की.’ दोन लेकरांची आई, तांबी असताना दिवस गेलेले, सगळं कायद्यात बसणारं. बाकावर बसली, समोर पोस्टर बघितलं आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. पुढे कुठं गेली, कुणाकडून काय करून घेतलं, सिस्टरना कळलं नाही. मलाही नाही. मी जे चित्र लिंगनिवडीविरुद्ध काढलं होतं, ते गर्भपाताविरुद्ध वाचलं गेलं. चित्राला तळटीप नसते.

आपल्याकडचा घोळ नेमका इथे आहे, आणि तुम्ही नोकरीत तो रोज पाहिला असेल. गर्भपाताला आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने अटींसह परवानगी दिली. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली. गर्भाचं लिंग तपासणं आणि त्यावरून निवड करणं हा मात्र गुन्हा. त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. म्हणजे एक गोष्ट कायद्याने दिलेली सोय आणि दुसरी कायद्याने ठरवलेला गुन्हा. दोन्हींसाठी आपण चित्र एकच वापरतो आणि शब्दही एकच, ‘भ्रूणहत्या’. स्त्रियांच्या आरोग्याचं काम करणारे कार्यकर्ते बरीच वर्षं सांगतायत की ‘हत्या’ म्हणू नका, ‘गर्भलिंग निवड’ म्हणा. मला आधी हा शब्दांचा किस पाडणं वाटायचं. सिस्टरबाईंनी झापल्यावर वाटेनासं झालं.

जुना काळ बघा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आपल्या जिल्ह्यात पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी तसंच गृह सुरू केलं, पुढे ते प्रार्थना समाजाने चालवलं. ‘हत्या’ हा शब्द तिथेही होता, पण दार उघडलं जात होतं ते अडलेल्या विधवा बाईसाठी. ती आधी आत यायची, मग मूल. आपल्या पोस्टरांनी मूल ठेवलं आणि बाईला दाराबाहेर काढलं.

परदेशात तर या विषयावरची पुस्तकं नुसत्या मुखपृष्ठांवरून दोन ढिगांत लावता येतात. अमेरिकेत विरोध करणाऱ्यांच्या बाजूला गर्भ, बाळाचे इवलेसे पाय. तिथे दहा आठवड्यांच्या गर्भाच्या पावलांच्या मापाची पिनसुद्धा कोटावर लावतात. हक्क मागणाऱ्यांच्या बाजूला तारेचा हँगर, कारण कायदा नव्हता तेव्हा बायका तो वापरून जीव गमवायच्या. १९७३ च्या निकालाने तिथे हक्क मिळाला, २४ जून २०२२ ला न्यायालयाने तो काढून घेतला. मधल्या पन्नास वर्षांत ही दोन चित्रं एवढी घट्ट झाली, की आता पुस्तक न उघडता लेखक कुठल्या बाजूचा हे कळतं. त्यात फायदा आहे, आपला वाचक आपल्याला लगेच ओळखतो. पण पलीकडचा माणूसही लगेच ओळखतो आणि पुढे सरकतो.

गर्भ एकटा, अंतराळात तरंगल्यासारखा दाखवायची रीत फार जुनी नाही. लेनार्ट निल्सन या स्वीडिश छायाचित्रकाराने काढलेला अठरा आठवड्यांच्या गर्भाचा फोटो ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. लोकांना वाटलं, पोटात कॅमेरा घातलाय. प्रत्यक्षात तो गर्भ शस्त्रक्रियेने बाहेर काढावा लागला होता, आणि मासिकाने तसं लिहिलंही होतं. वाचलं कुणी? पुढे त्या धर्तीची चित्रं गर्भपाताच्या विरोधातल्या फलकांवर जाऊन बसली. बाई चित्रातून गेली ती तिथपासून, आणि तुमच्या पुतण्याचं एआय जे शिकलंय ते याच ढिगातून.

त्यात त्याचं चित्र खोटंही आहे. तुम्ही मला शिकवाल इतकं तुम्हाला माहीत आहे. बारा आठवड्यांचा गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. चित्रातलं बाळ मात्र गुटगुटीत, गालावर खळी पडेल असं, जवळजवळ दिवस भरलेलं. पुस्तकात तुम्ही आठवडे मोजून लिहिणार आणि मुखपृष्ठावर नवव्या महिन्याचं बाळ! तुमच्यासारखी दुसरी आरोग्यसेविका हे पहिल्या नजरेत पकडेल, आणि मग आतल्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

आता तटस्थ मुखपृष्ठाचं. माझ्या अनुभवात तसं काही नसतं. काही प्रकाशक सुरक्षित म्हणून नुसता पांढरा पुठ्ठा आणि काळी अक्षरं करायला सांगतात. पण आयर्लंडमध्ये काय झालं? गर्भपातबंदी उठवायची का, यावरच्या २०१८ च्या सार्वमताआधी तिथल्या पोरापोरींनी काळ्या स्वेटरवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द छापला, ‘रद्द करा’ या अर्थाचा. चित्र नाही, काही नाही. त्या काळात रस्त्यावर त्याहून मोठी घोषणा दुसरी नव्हती. अर्जेंटिनात गर्भपाताचा हक्क मागणाऱ्यांना नुसता हिरवा रुमाल पुरला. तुम्ही पोपटी रंग घेतला तर बार्शीत कुणाला काही वाटणार नाही, तिथे वाटेल. कुठला रंग गप्प बसेल आणि कुठला बोलेल, हे गाव आणि वर्ष ठरवतं. आपल्याकडे निळा, भगवा, हिरवा यांचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. या विषयात आपला बोलका रंग म्हणजे लाल. रक्त, कुंकू, शिवाय कुटुंब नियोजनाचा तो उलटा लाल त्रिकोण. चाळिशीच्या पुढच्या वाचकाला लाल त्रिकोण दिसला की सरकारी दवाखान्याची भिंत आठवते.

आयर्लंडचाच विषय निघालाय तर सविता हलप्पनवार आठवतात. आपल्या शेजारच्या बेळगावची मुलगी. २०१२ च्या ऑक्टोबरात गॉलवेच्या रुग्णालयात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही गर्भपात नाकारला गेला आणि ती गेली. तिचा हसरा फोटो त्या सगळ्या चळवळीचा चेहरा झाला, आणि सार्वमताच्या वेळी तिच्या आईवडिलांनी लोकांना बदलाच्या बाजूने मत द्यायला जाहीरपणे सांगितलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, ‘एका पेशंटचा पाठमोरा फोटो माझ्याकडे आहे, तो चालेल का?’ नाही चालणार. घरच्यांनी स्वतः पुढे येऊन चेहरा देणं वेगळं. तुमच्या वाडीवस्तीवरच्या बाईला तिच्या पाठीवरून, पदरावरून, दारातल्या कट्ट्यावरून गाव ओळखतं. गर्भपात केलेल्या बाईचं नाव उघड करू नये असं कायदाच सांगतो. मुखपृष्ठाने ते मागच्या दाराने करू नये.

आणि कृपा करून ती दुसरी तयार बाईही नको. गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसलेली, खिडकीतून उजेड येणारी. एका साइटवरून तीच बाई हुंडाबळी, घटस्फोट, नैराश्य आणि वंध्यत्व अशा चार पुस्तकांवर मी बघितलीय. दलाल-मुळगावकर या चित्रकारांच्या काळात मुखपृष्ठावरची बाई देखणी असायची, आता ती दुःखी असते. दोन्हीकडे ती काही करत नाही, हे मात्र कायम.

मग काही धीट करूच नये का? करावं की. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये निघालं ते १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. संततिनियमनावर उघड बोलणारं मासिक, आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. आजसुद्धा स्टॉलवाला ते पालथं घालून ठेवेल. पण ते चित्र खप वाढवायला घेतलेलं नव्हतं. शरीराकडे न लाजता बघा, हेच आतलं म्हणणं होतं आणि तेच बाहेर होतं. गंमत म्हणजे १९३४ च्या ज्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता, चित्रावरून नाही. धक्का द्यायला माझी हरकत नाही, धक्का आतल्या मजकुराचा असावा. तुमच्या पुतण्याच्या चित्रातला धक्का उसना आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच ठरवा. पुस्तक ठाम बाजू घेणारं असेल, समजा सगळा रोख लिंग तपासणाऱ्या डॉक्टरांवरच असेल, तर मुखपृष्ठही तितकंच ठाम हवं; मिळमिळीत करू नका. मग मी आकडे वापरेन: महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३, २०११ मध्ये ८९४. हे दोन आकडे मोठ्या टायपात एकाखाली एक, बस. गर्भ नाही, रक्त नाही, आणि गर्भपात करून घेणाऱ्या बाईवर बोटही नाही. पण तुम्ही पाठवलेली दोन प्रकरणं वाचून वाटतं की पुस्तक तसं नाही. एका प्रकरणात तिसऱ्या मुलीच्या भीतीने सासू सोनोग्राफीला नेते, दुसऱ्यात सतरा वर्षांच्या मुलीला वेळेवर गर्भपात मिळत नाही म्हणून तुम्हीच धावपळ करता. ही दोन्ही ज्याला पेलतील ते चित्र शोधायचं.

शोधताना मी मजकुरातल्या वस्तू वेगळ्या कागदावर लिहून काढतो. भावना नाही, वस्तू. तुमच्या दोन प्रकरणांतून एवढ्या निघाल्या: सोनोग्राफी सेंटरबाहेरचा बाक, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, एसटीची तिकिटं, सासूची पिशवी, तुमचं रजिस्टर. पाटी मोहात पाडणारी आहे. कायद्याने लावावीच लागते, प्रत्येकाने वाचलेली आहे, आणि खाली ‘ठरवायचं कुणी?’ आलं की टोमणा बसतो. पण ती पुन्हा अर्ध्याच पुस्तकाची आहे, सतरा वर्षांच्या पोरीचा त्या पाटीशी काही संबंध नाही.

रजिस्टर मात्र दोन्हीकडचं आहे. गरोदर बायकांची नोंद, आखलेले रकाने, कितवी खेप, जिवंत अपत्यं किती, मुलगे किती, मुली किती. आणि शेवटचा शेरा. तुम्हीच लिहिलंय की सगळी गोष्ट त्या शेऱ्याच्या रकान्यात असायची आणि तिथे जागा एक इंच. ताई, तेच तुमचं मुखपृष्ठ आहे! कोरं, आखलेलं पान. एकही नाव नाही. शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने, ‘ठरवायचं कुणी?’. बाकी सगळे रकाने रिकामे. बाई दिसत नाही, पण रिकामी ओळ तिचीच आहे हे कळतं. ज्याने असं रजिस्टर भरलंय तो थबकेल, ज्याने भरलेलं नाही तो शीर्षक वाचून थबकेल.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर विणायची डिझाइनं ग्राफ पेपरवर भरायचे. सोलापुरी चादरीत पुढे जे फूल पांढरं असतं ते मागे रंगीत येतं आणि जमीन पांढरी होते. ते म्हणायचे, आधी जमीन बघ, मग फूल. रिकाम्या रकान्यांकडे मी त्या नजरेने बघतो. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. तुमचे प्रकाशक ‘फार शांत आहे’ म्हणतील.

म्हणून एक चाचणी सांगतो, ती त्यांनाही करायला लावा. दोन्ही मुखपृष्ठं खऱ्या मापात रंगीत छापा, एखाद्या जुन्या पुस्तकावर चिकटवा, आणि ज्यांना विषय माहीत नाही अशा आठ-दहा जणांना एकेक करून दाखवा. ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. विचारा, ‘हे पुस्तक कुणाला रागावतंय?’ मी हे आमच्या पूर्व भागात बिड्या देऊन परतणाऱ्या बायकांना विचारतो. त्यातल्या कित्येकींची घरची भाषा तेलुगू, मराठी वाचताना अडखळतात, त्यामुळे त्या चित्र नीट वाचतात. नाळेच्या फासाचं माझं जुनं चित्र, बरंच नंतर, मी त्यांच्यापुढे धरलं होतं. एकीने क्षणात सांगितलं, ‘आईला.’ फास डॉक्टरला नव्हता, सासूला नव्हता, तपासणीच्या मशीनलाही नव्हता. तुमच्या पुतण्याच्या चित्राला वेगळं उत्तर मिळालं, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

थोडं कामाचं. प्रकाशकांशी करार झाला असेल तर मुखपृष्ठाचा शेवटचा शब्द कुणाचा, ते आधी वाचा. बहुतेक वेळा तो त्यांचा असतो आणि मग भांडून नाही, दुसरं तयार चित्र समोर ठेवूनच काम होतं. मॅट लॅमिनेशन घ्या, चकचकीत नको. रजिस्टरचं पान चकाकत नाही. मलपृष्ठावर तुमचा फोटो आणि तीन ओळींत नोकरीची माहिती येऊ द्या, सत्कार-पुरस्कारांची यादी नको. ऑनलाइन दुकानात मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढं दिसतं, त्यामुळे आखणीच्या रेषा फिक्या आणि शीर्षक ठळक लागेल. अक्षर मात्र तुमचंच हवं, फाँट नको. एका बैठकीत चाळीस-पन्नास वेळा लिहा. पहिली दहा अक्षरं शाळेतल्या शुद्धलेखनासारखी येतात, ती सोडून द्या. हात दमल्यावर येतं ते खरं.

रजिस्टरचं कोरं पान जुन्या वह्यांत कुठेतरी शेवटी उरलेलं असेल. सरकारी वही फाडून आणू नका, घरची नसेल तर तशी आखणी करून घेता येते. पान मिळालं तर मोबाईलवर फोटो काढू नका, सावली पडते आणि रेषा वाकड्या येतात. झेरॉक्सच्या दुकानात सपाट स्कॅन करून घ्या, रंगीत, सहाशे डीपीआयवर. कोपऱ्यावर चहाचा डाग असेल तर तो पुसायला सांगू नका.